किडीचं काम

कागद लिस्बनहून आलेला, चार घड्यांचा.
त्यावर खुर्ची, फक्त पुढून.
पाय गरुडाच्या नख्यांचे, नख्यांत चेंडू.
प्लासिदबाब म्हणाले, अशा बारा कर,
आणि जुन्या दिसू देत.
किती जुन्या? फोंडू मेस्ताने विचारलं.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जणू वय तिथे माडाला लागलेलं.
दोनशे वर्षं, म्हणाले. दोनशे पुरेत.

लोटलीत गरुड कुणी पाहिला होता?
मला घारीमागे पाठवलं, घार कसली सापडते.
शेवटी शेजारचा कोंबडा
ठोकळ्याला बांधून मेस्त दोन दिवस
त्याच्या पायांकडे बघत बसला.
बारा खुर्च्या, पुढचे चोवीस पाय,
चोवीसही कोंबड्याचे.
प्लासिदबाबांनी चेंडू चाचपला. हुबेहूब, म्हणाले.

मी तेरा वर्षांचा. हातात आरी,
आणि काम एकच : कीड होणं.
ओळीत नको रे, मेस्त ओरडायचा,
कीड काय शाळेत गेलीय?
भुकेनं पाड. एक इथे, मग लांब, मग दोन चिकटून.
वर चहाचं पाणी, काजळी, चपडा लाख,
आणि हातांवर काथ्या घासायचा,
जिथे दोनशे वर्षांचे तळवे
टेकले असते
तिथेच.

पाठ कागदात नव्हती.
ती भिंतीला लागणार, कोण बघतो, प्लासिदबाब म्हणाले.
चवथ आठ दिवसांवर होती.
मेस्त कंदील घेऊन बसला
आणि बारा पाठींवर कोरली
माटोळीला बांधायची बारा फळं :
आंबाडे, तोरंजन, सुपारीचा घोस,
कांगणं, तोंड उघडलेलं, आतल्या लाल बियांसकट.
लाल कसं कोरलं ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या साली त्यांच्या नातीनं बोलावलं,
एक पाय डुगडुगतो म्हणून.
सांभाळून हं, म्हणाली, दोनशे वर्षांची आहे.
मी हो म्हटलं.
खुर्ची भिंतीपासून ओढली,
वाकलो, चष्मा पुसला.

खरी कीड आली होती.
माझ्या एकाही भोकात शिरली नव्हती.
शिसवाच्या काळ्या गाभ्याला ती तोंड लावत नाही,
मागच्या पट्टीतलं सालीजवळचं पांढरं लाकूड
तेवढं तिनं खाल्लं होतं,
भोकं अगदी ओळीत, पट्टी धरून मारल्यासारखी.

म्हणजे मेस्ताला ठाऊक होतं.
सबंध पावसाळा मला गाभ्यात आरी मारायला लावली त्यानं,
जाणत्यानं एकदा बघावं
आणि हसावं, अशा जागी.

सरस गरम केला. पाय बसवला.
नातीनं विचारलं, मागे काय आहे हो कोरलेलं?
फळ आहे, म्हटलं.
कुठलं?
रानातलं, म्हटलं. आता मिळत नाही फारसं.
आणि खुर्ची परत भिंतीला लावली.