एक काना जास्त

भोसरीत, दुसऱ्या पाळीच्या आधी,
एचआरच्या मुलाने कागद पुढे सरकवला.
वर छापलं होतं: राजीनामा.
मी म्हटलं, यात राजी कोण आहे?
तो मोबाईलकडे बघत राहिला.
चौदा वर्षं मी बुशची भोकं तपासली,
गेज आत गेला तर पास,
अडला तर लाल ट्रे.
त्या दिवशी मी अडले.

माझ्या मागे एकवीस जणी.
ताहेराने सही करून टाकली,
तिला हिशेब त्याच आठवड्यात हवा होता,
मुलीची फी थकली होती.
तिला मी बोल लावत नाही.
पण प्राजू, तुझ्या लाइनवर ही वेळ आली
तर पेन आधी पर्समध्ये टाक.
"कामावरून कमी केले", एवढं लिहून घे,
तारीख घे, शिक्का घे.
राजीनामा दिलास की खिडकीवर बोलायला तोंड उरत नाही.

कमी केले.
हा शब्द घरी आणला
आणि काय कमी झालंय ते शोधत बसले.
साडेपाचचा गजर होता तसाच वाजला.
हाताने सवयीने डबा भरला.
दुपारी बाराला तो मी गॅलरीत उभ्याने खाल्ला,
घंटा झाल्यासारखा,
वीस मिनिटांत.

अकराव्या दिवशी विम्याच्या ऑफिसात गेले.
खिडकीतली बाई म्हणाली, लवकर आलात.
बेकार होऊन तीस दिवस होऊ द्यात.
सुतक दहा दिवसांत फिटतं,
बाळंतीण सव्वा महिन्याने उंबरा ओलांडते,
बेकाराला तीस.
मधल्या एकोणीस दिवसांत खायचं काय
याचा रकाना अर्जात नव्हता.

शेजारचा अविराज अर्ज भरायला बसला
तेव्हा कळलं,
आधारवर मी विमल, विम्याच्या कार्डावर विमला.
कंपनीने मला कमी केलं
आणि नावात एक काना जास्त ठेवला.
चौदा वर्षं दर महिन्याला
त्या विमलाच्या नावाने माझेच पैसे कापले गेले,
तेव्हा तो कुणाला खुपला नाही.
काढायला मात्र तीन फेऱ्या.
गेटवरचा वॉचमन, ज्याला मी संक्रांतीला तिळगूळ द्यायचे,
म्हणाला, ताई, पास दाखवा.
पास तर त्यांनीच काढून घेतला होता.

एकतिसाव्या दिवशी तीच बाई.
चष्मा कपाळावर, डब्याला लसणाचा वास.
आधार पाहिलं, पासबुक पाहिलं,
काना गेलाय का ते बोट ठेवून पाहिलं.
म्हणाली, सरासरी रोजाच्या निम्मे,
जास्तीत जास्त नव्वद दिवस,
आणि हे आयुष्यात एकदाच बरं का.
मी विचारलं, दुसऱ्यांदा काढलं तर?

तिने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं.
कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं,
खुर्ची आत सरकवलेली.
म्हणाली, आम्हीही कंत्राटावरच आहोत,
पुढे सरका.
मी लगेच सरकले नाही.
माझं पेन तिच्याकडे राहिलं होतं.

पैसे आले का, असं विचारतेस.
अर्ज पुढे गेलाय, असं मोबाईल म्हणतो.
कुठे पुढे, ते तो सांगत नाही.
ताहेरा आता आळंदी रोडला चपात्या लाटते,
शेकड्यावर पैसे,
मलाही बोलावलंय. जाईन बहुतेक.
पण विचारलं पाहिजे, गेले तर दिवस कापतात का.
तू तुझं बघ.
काढलं त्या दिवसावर कॅलेंडरमध्ये गोल कर,
सिलिंडर लावल्याची तारीख लिहितेस ना, तिथेच खाली,
आणि पुढे तीस घरं मोज.
बोटाने मोज. दोनदा मोज.
आणि नाव एकदा वाचून बघ आजच,
नोकरी आहे तोवर.