सातव्या प्रकरणातली अंघोळ

सातव्या प्रकरणात रायभान लढाईवरून परततो.
थाळनेरच्या वेशीपाशी घोडा थांबतो,
आणि मी लिहिलं होतं :
अंगावर तीन महिन्यांचं किटण,
केसांत उवा, दाढीत शिळं अन्न,
नखांत वाळलेलं रक्त.
वाटलं, झाला काळ उभा.
फारुकींचं राज्य, पंधरावं शतक,
तेव्हा कोण कशाला अंघोळ करतंय?

मिरची मी आधीच काढून टाकली होती.
ती तेव्हा आली नव्हती आपल्याकडे.
या अचूकपणाचा मला केवढा अभिमान!

पण घाण कुठून आणली, आठवत नाही.
बहुधा कुठल्याशा बर्फाळ देशाच्या सिनेमातून,
जिथे राजासुद्धा चिखलात जेवतो
आणि सगळी माणसं एकाच मातकट रंगाची.
तो चिखल मी तापीकाठी ओतला,
तोही वैशाखात,
रानातल्या भेगेत हात जेव्हा कोपरापर्यंत जातो.

जागा पाहायला थाळनेरला गेलो.
किल्ल्याच्या पायथ्याशी सुपडाबाई परटीण
चादरी पिळत होती. ऐंशीच्या पुढची.
तिला पान वाचून दाखवलं.
ती हसली ती चादर खाली ठेवूनच.
‘इतला उन्हायामा आंग धोयं नही त्यानी,
ते बायको घरमा येऊ देई का त्याले?’

घरी येऊन रायभानला पुन्हा वेशीवर आणला.
या खेपेला आईनं आदल्या रात्रीच
रिठे भिजत घातले होते.
तांब्याच्या घंगाळात पाणी, उन्हानंच कढत झालेलं.
बाभळीची काडी. चुलीतली राख.
हरभऱ्याचं पीठ, तिळाचं तेल.
टाचेवर वज्री फिरते, खर्र खर्र,
आणि तीन महिन्यांची लढाई
काळ्या ओघळानं मोरीतून आळूच्या मुळांशी जाते.
उवा मात्र राहू दिल्या. दोनच.
त्या बायको वेचते, ऐन दुपारी, दारात बसून,
आणि त्या वेचण्यात
मला न लिहिता आलेलं प्रेम आपोआप आलं.

छान झालं प्रकरण.
पुन्हा गेलो. पुन्हा वाचलं.
सुपडाबाई या वेळी हसली नाही.
‘वरला घाटवर कोन, खालना घाटवर कोन,
हाई लिखं का तू?’

पहिल्या पानापासून वेशीवर एक माणूस उभा होता.
झिपरू वेसकर. काठी, घोंगडी.
त्याच्या नावामागे मी प्रत्येक वेळी
एकच विशेषण लावलं होतं : मळकट.
अकरा वेळा. मोजलं.
जसं काही ते त्याचं आडनाव.

रायभानला मी घंगाळ दिलं,
सुलतानाला हमामखाना, गुलाबपाणी,
पण झिपरूला नदी कुठून सुरू होते
हे ठरवलंच नव्हतं.
घाटाच्या खाली, परटाच्या धोंड्यांच्या खाली,
जनावरं उतरतात त्याच्याही खाली,
सगळ्या गावाची अंघोळ वाहून आल्यावर
जे उरतं, त्यात तो अंग धुतो.
रोज धुतो. दिवे मालवल्यावर.
धुऊन येतो आणि पुन्हा वेशीवर उभा राहतो,
आणि सकाळी मी त्याला मळकट लिहितो.

अकराही ठिकाणी खोडलं.
तिथे आता काही नाही, नुसतं झिपरू.
आठवं प्रकरण मात्र हलत नाही.

आमच्या दोंडाईच्यात नळ नवव्या दिवशी आला.
टाकी, पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला.
एक बादली घेतली, त्यातलीही अर्धी राखली.
कोरड्या पाठीला हात पोचत नव्हता तेव्हा वाटलं,
पाचशे वर्षांनी कुणी बसेल आमच्यावर लिहायला,
लिहील : ती माणसं फारशी अंघोळ करत नसत.
आणि नळ कुणाच्या गल्लीत रोज येत होता,
ते नसेल त्याच्या कागदात.