मेरीच्या जागी तुइया

रौमा बंदर, नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
सोर्मुनेनसाहेब दारातूनच म्हणाले,
"मेरी निवृत्त झाली. उत्तरांच्या साच्यांत तिचं नाव आहे,
तिथे तुइया घाल. कॉफी निवायच्या आत होईल."

चौदा ओळींचा कोड लिहिला.
आधी ईमेलची गाठ सोडवायची:
आमचा दोन ठिपक्यांचा 'अ' प्रवासात आकड्यांचं सोंग घेतो,
त्याला माणसात आणायचं,
मग शोध, मग बदल, मग पुन्हा गाठ.
लहान अक्षर, मोठं अक्षर, भेद करू नकोस, असंही बजावलं त्याला.
शब्दाच्या दोन्ही कडांना पहारेकरी उभे करायचे
तेवढे राहिले.
आणि साच्यांचा कप्पा समजून बोट ठेवलं
ते अख्ख्या दप्तरावर. सव्वीस वर्षं.

आमच्याकडे मेरी म्हणजे समुद्रसुद्धा.

सकाळी तुइया आली. नवे बूट, हातात डबा.
ती कुहमोची, जंगलातली,
समुद्र पाहिला तो आदल्या मंगळवारी.
काम कळावं म्हणून जुना पत्रव्यवहार उघडून बसली.

"तुइया खवळली आहे, लाकूड उद्या भरू."
"तुइया गोठली. बर्फ फोडणारं जहाज पाठवा."
खलाशाला आम्ही समुद्रमाणूस म्हणतो,
ते सगळे एका रात्रीत तुइयामाणसं झाले होते.
आणि अतुइयाका नावाच्या देशाला
आम्ही कागदाचे एकोणीस कंटेनर पाठवले होते.

वाचला तो फक्त विभक्ती लागलेला समुद्र.
समुद्रात, समुद्रावर म्हणताना आमची मेरी 'मेरे' होते,
कोडला ती ओळखू आली नाही.
सामान्यरूपाने इतके उपकार क्वचितच कुणावर केले असतील.

मी धावत गेले, कान लाल.
प्रत काढून ठेवलेली, एवढंच नशीब.
दहा मिनिटांत होतं तसं करते, म्हटलं.
तुइया पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
"थांब ना. माझ्याबद्दल इतकं कोणी लिहिलं नव्हतं."

दुपारी पहारेकरी उभे केले. साचे बदलले, मोजून नऊ.
समुद्र समुद्रात गेला, अमेरिका नकाशावर.
कप्तान आल्पोची एक ओळ मात्र
परत आणल्यावरही कळेना:
"मेरी आज माझ्याशी बोलत नाही."
वाक्याची सुरुवात, अक्षर मोठं.
कोणती मेरी, ते त्यालाच ठाऊक.
किंवा तिला.

एक पत्र तसंच राहिलं आहे.
चुकून की मुद्दाम, साहेबांनी विचारलं नाही.
दीपगृहावरून, फेब्रुवारीतलं, दोनच वाक्यांचं:
"धुकं आहे, इथून तुइया दिसत नाही.
पण आवाज येतो."