जोर

सकाळी सहाला केयूर माझ्या पोटावर उडी मारतो.
गजराचं घड्याळ आम्ही कधीच देऊन टाकलं.

साडेचार वर्षांचा. शर्टाची कॉलर कायम ओली, चावलेली.
भिंतीला गाल घासत चालतो,
जिना उतरत नाही, सांडतो.
शाळेत मिठी मारतो ती इतकी घट्ट
की दुसऱ्यांच्या आया डायरीत लिहून पाठवतात.
खालचे भदौरियाजी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात
आणि हा खूश,
कुणीतरी उत्तर दिलं म्हणून.

आत्या म्हणाली, लाडावलाय.
साडू म्हणाला, दोन ठेवून दे.
ठेवून दिली होती मी, एकदाच.
तो हसला. म्हणाला, "बाबा, और."
त्या रात्री नळ सोडून
मी बाथरूममध्ये बसून होतो बराच वेळ.

थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या,
याच्या अंगाला जग हळू ऐकू येतं.
जरा मोठ्याने बोला, हातांशी, खांद्यांशी.
मग बादल्या उचलायला दिल्या,
दोन गाद्यांमध्ये घालून वर मी लोळलो,
पाठीवर लाटणं फिरवलं.
मळायला दिलेली कणीक पंख्यापर्यंत पोचली.
ऑफिसात लोकांच्या हिशेबातल्या चुका काढता काढता
माझे डोळे मिटायचे.

डिसेंबरात, दौलतगंजच्या एका गल्लीत,
तो हात सोडून पळाला.
ठक्. ठक्. ठक्.
गजकच्या कारखान्यात चौघे गोल बसून
तीळगूळ कुटत होते लाकडी हातोड्यांनी
आणि केयूर दारात उभा.
उभा!

रामसेवक कुशवाहांनी मान वर केली.
"आ जा पहलवान."
एक निवलेला गोळा पुढ्यात सरकवला,
मोडक्या दांड्याचा हातोडा हातात दिला.

पाचवा ठोका आडवातिडवा पडत राहिला.
कधी लवकर, कधी जमिनीवर.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
तेवढ्यात कानाला जाणवलं,
चौघांनी आपला ताल ढिला केला होता,
त्याच्यासाठी जागा ठेवून.
कुणी काही बोललं नव्हतं.

आता दर रविवारी जातो.
कुटायचे ते काही घेत नाहीत,
गजकचे मात्र पूर्ण घेतात, रुपयाही सोडत नाहीत.

पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा
तो स्कूटरवरच झोपला होता,
केसांत तीळ.
कपडे बदलताना वैजू थांबली.
दोन बोटांत धरून तिनं मला दाखवली.
कॉलर कोरडी होती.