उजवा खिसा

एकवीस वर्षांची होते,
वूचच्या इस्पितळात माझ्या डाव्या खांद्याखाली
पहिला खिसा शिवला गेला.
शिवणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा.
मी तेव्हा कारखान्यात ओव्हरकोटांना खिसेच लावायची,
दिवसाला साठ जोड्या, अस्तर करडं.
टाके बघितले आणि कळलं,
माणूस घाईत नव्हता.

तोच खिसा पुढे तीनदा उसवला, तीनदा शिवला.
यंत्र दर वेळी लहान होत गेलं.
पहिलं बूटपॉलिशच्या डबीएवढं, ते मी मागून घेतलं.
बटणांच्या डब्यात असतं.
नात त्याला आजीचं मोठ्ठं बटण म्हणते
आणि विचारते, याला भोकं का नाहीत?

काल डॉक्टर कोसेत्स्का म्हणाल्या,
बॅटरी फार तर तीन महिने,
पण खरी अडचण तारेची.
चाळीस वर्षांची तार आत कुठेतरी चिरली आहे.
ती काढायची, तर तिच्याभोवती शीर घट्ट वाढलेली.
सोडवताना फाटूही शकते.
मी म्हटलं, जुन्या कोटाचं तसंच असतं, बाई,
दोरा ओढायला जावं तर कापडच हातात येतं.
त्या हसल्या नाहीत.
मला बरं वाटलं.

मग त्यांनी संगणकावरून माझा वेग
हळूहळू खाली आणला.
तुमचं स्वतःचं किती उरलंय बघू, म्हणाल्या.
साठ. पन्नास. चाळीस.
खोलीतला पंखा ऐकू आला.
नर्सच्या बांगडीसारख्या घड्याळाचा काटा ऐकू आला.
काळजाचा ठोका चुकला, असं लोक किती सहज म्हणतात!
मी तिथे बसून त्या चुकलेल्याची वाट पाहत होते,
डोळ्यांपुढे काजवे,
खुर्चीचा हात घट्ट धरलेला,
आणि मग एक आला.
जड, उशिरा, दारात बूट झटकत आल्यासारखा.
माझा.
कुणी न हलवता आलेला.
बास, बास, म्हणत त्यांनी चटकन वेग वाढवला,
आणि मला उगाच वाटलं,
अजून एक येऊ द्यायचा होता.

डावीकडची कातडी विरली आहे,
आता तिथे टीप धरणार नाही.
नवा खिसा उजवीकडे.

मी एकतीस वर्षं कोट शिवले.
डावा आतला खिसा पाकिटासाठी, हे कुणीही सांगेल.
उजवा मागून घेणारे थोडे.
कशाला हवा, आम्ही विचारत नसू.
दुरुस्तीला आलेल्या कोटांत कधी चिठ्ठी सापडे,
कधी वोदकाची चपटी बाटली,
एकदा लहान मुलाचा दात.

घरी येऊन सगळं सांगितलं कायेतानला,
शीर, तार, शंभरात दोघं.
तो बटाटे सोलत होता. सोलतच राहिला.
सातजणांचे होतील एवढे सोलले.
मग म्हणाला, उजवीकडे?

चाळीस वर्षं तो माझ्या उजव्या खांद्यावर झोपतो.
डावा यंत्राचा, हे लग्नाच्या रात्रीच ठरलं होतं,
त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो.

आज रात्री सराव.
तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूने चढला,
चष्मा ठेवायला गेला तर तिथे स्टूलच नाही,
चष्मा खाली.
कुठे ठेवू डोकं, त्याने विचारलं.
तिथेच, म्हटलं, व्रणाच्या जरा खाली,
सध्या भाडेकरू आहे, गुरुवारनंतर जागा रिकामी.
त्याने कान टेकला. दाढी टोचली.
त्या कातडीवर चाळीस वर्षांत
डॉक्टरांखेरीज कुणी टेकलं नव्हतं.

काही ऐकू येतंय?
बराच वेळ तो गप्प.
मग म्हणाला, ट्राम.