ऐंशीची शीळ

पुन्ता अरेनासात वाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.
रस्त्याच्या कडेने दोर बांधलेले असतात,
धरायचे आणि चालायचं.
पण माझ्या प्यूजोच्या पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून
तो आत यायचा, तो शीळ घालत.

स्पीडोमीटर ड्रागोच्या सहा वर्षं आधी गेला.
काटा तिसावर आडवा, जेवून झोपलेल्या कुत्र्यासारखा.
ड्रागो म्हणायचा, नवा कशाला?
साठला कुजबुजते,
सत्तरला गुणगुणते,
ऐंशीला शीळ. शीळ आली की पाय उचल, नेवेंका.
मी उचलत आले.
तो गेल्यावरही.

यंदा रबरानेच हात टेकले.
बोट लावलं की काळा चुरा,
पाऊस थेट मांडीवर,
आणि पायाखालच्या चटईत शेवाळ. खरंखुरं, हिरवं.
एलिसेओ बार्रिया वाकून बघत म्हणाला,
दोन्या, गाडी आहे की कुरण? दोन मेंढ्या सोडू का?

नवं रबर सीमेपलीकडून आलं, रिओ गायेगोसच्या बसने,
पिशवीत वेटोळं करून, कोऱ्या बुटांच्या वासाचं.
रात्रभर ते मी चुलीजवळ खुर्चीवर ठेवलं.
गारठलेलं रबर आणि गारठलेला माणूस
वळवायला गेलं की अडतात.

जुनं निघालं तुकड्यातुकड्यांनी.
खाली खाचेत गंज, आणि गंजात
वाळू, पाइनची सुई, एक माशी,
लोकरीचा एक पुंजका. हा कुठल्या साली अडकला असेल?
एलिसेओने सगळं फुंकून टाकलं.
मी काही बोलले नाही.
घासलं, लाल रंग दिला, तो वाळेपर्यंत मातेचे तीन फेरे झाले.

मग तो म्हणाला, ताणू नका.
सगळे इथेच चुकतात.
ताणून बसवलं तर आज कसं छान दिसतं,
आणि हिवाळ्यात आखडतं, कोपरे सोडतं.
थोडं जास्तच ठेवा. दाबत, दाबत आत घाला.
(बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला
हे चाळीशीतला, एकदा घटस्फोट झालेला माणूस सांगतो!)

काचेला रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी फिरवली,
भांड्यांचा साबण चोळला हाताहाताने.
दोरीची टोकं घेऊन मी आत बसले,
तो बाहेरून काचेवर तळवे टेकून उभा.
ओढा, म्हणाला.
मी ओढली. काळी कड एकेक बोट उलटत
पत्र्यावर येऊन बसत गेली,
पुस्तकाचं पान सोडवावं तशी.
वरच्या कोपऱ्यात अडली.
त्याने तळव्याने एक ठोसा दिला,
मी एक शिवी दिली, आजोबांच्या बेटावरची, क्रोएशियन,
आणि ती बसली.

दोरी हातात आली पूर्ण, ओली, फेसाळ.
आता काचेपलीकडचा एलिसेओ
तोंड हलवत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

रविवारी निघाले बहिणीकडे, नातालेसच्या रस्त्याने.
डावीकडे गवत आडवं झोपलेलं,
झाडं सगळी एकाच बाजूला केस विंचरलेली,
बाहेर वारा पिसाळलेला, आत मात्र
माझ्याच श्वासाचा आवाज.
कुजबुज नाही. गुणगुण नाही.
मी वाट बघत राहिले, पाय खाली, अजून खाली,
की आता येईल, आता.

काराबिनेरो विशीतला होता, कानाच्या पाळ्या लालबुंद.
एकशे अठरा, सेन्योरा, म्हणाला.
मी म्हटलं, अशक्य. गाडी काहीच बोलली नाही.
त्याने डोकं आत घातलं, काटा पाहिला
तिसावर,
मग माझ्याकडे पाहिलं बराच वेळ.

दंड भरला. पावती वहीत ठेवलीय.
एलिसेओ विचारतो, कोपऱ्यात थोडी फट ठेवून देऊ का,
चाकूने, बोटभर? कुणाला कळणार नाही.
मोह झाला.

नको, म्हटलं. इतक्या मेहनतीने बसवलंय.
काटा बदल.