मोजणी

इथं मत पेटीत पडत नाही.
इथं मत पायांनी द्यायचं असतं.
ज्याला जो उमेदवार हवा, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं,
सगळ्या गावादेखत.

वेस्टरवेल्ड, आयोवा. जानेवारीतला सोमवार.
शाळेची व्यायामशाळा, ओल्या लोकरीचा वास,
बाहेर पार्किंगमध्ये थंडीनं कण्हणाऱ्या गाड्या.
घड्याळाखाली ब्रेनर्डचा कोपरा,
दोरखंडांपाशी टॅल्मेजचा,
आणि कुस्तीच्या गाद्या रचल्यात तिथं
रोझलिन ओडमबाईंचा.

मी अध्यक्ष. गळ्यात शिट्टी, हातात नोंदवही.
अध्यक्षानं बोलायचं नसतं. मोजायचं.

ब्रेनर्ड अडतीस. टॅल्मेज तेहेतीस.
ओडम बारा.
नियम असा की शंभरात पंधरा तरी हवेत,
नाहीतर कोपरा मोडतो.
म्हणजे तेरा.
एक माणूस कमी.

समजावायला अर्धा तास.

ड्वेन आणि जोलीन फिसर,
एकतीस वर्षं एका अंथरुणात,
आज समोरासमोरच्या भिंतींना.
गाडीची किल्ली त्याच्या खिशात आहे,
म्हणून ती जपून भांडतेय.

बारांतल्या आर्डिथ टायडेनबाई वॉकर ढकलत मधोमध आल्या.
इन्सुलिनची रिकामी कुपी उंच धरली, किंमत सांगितली,
आणि परत गेल्या.
एवढंच त्यांचं भाषण.
परत जायला त्यांना भाषणापेक्षा जास्त वेळ लागला
आणि तेवढा वेळ कुणी बोललं नाही.

मग मार्लिस, शाळेची बस चालवते ती, म्हणाली,
ओडमबाई मला मनापासून पटतात गं,
पण नोव्हेंबरात लोक नाही द्यायचे त्यांना.
बियाण्याच्या दुकानातला लव्हर्न म्हणाला,
माझंही तेच. माझी हरकत नाही. पण लोक.
धर्मोपदेशकाची बायको म्हणाली, लोक अजून तयार नाहीत.

रेफ्युजिओ कारखान्यातून तसाच आलेला,
डुकरं सोलायची दोन पाळ्यांची कामं करून,
बुटांवर अजून मीठ.
त्यानं विचारलं, लोक म्हणजे कोण?
कुठं राहतात?
मी जाऊन भेटतो त्यांना.

कुणीतरी ओटच्या बिस्किटांचा डबा पुढं केला.

पण मला दिसले ते.
प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक,
बिनचेहऱ्याचे, कोट न काढलेले,
आजारी पडलेल्या नातेवाइकासारखे
ज्यांच्या नावावर सगळी आमंत्रणं नाकारता येतात.

शिट्टी वाजवली. पुन्हा मोजलं.
अडतीस, तेहेतीस, बारा.
त्र्याऐंशी.
नोंदवहीत सह्या चौऱ्याऐंशी.

शौचालयात पाहिलं. पार्किंगमध्ये ड्वेन बॅटरी घेऊन गेला,
बर्फानं भरलेल्या भुवया घेऊन परत आला.
गाद्यांच्या मागे पाहिलं, पोरं लपतात तिथं.
चौऱ्याऐंशीवा माणूस नव्हता.
वहीवरून बोट फिरवत गेले, नाव नाव वाचत,
आणि पहिल्याच ओळीत,
सगळ्यांच्या आधी दार उघडायला आलेल्या बाईची,
माझी सही.

आर्डिथबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
बर्निता, तू कुठं उभी आहेस?

मी मधल्या वर्तुळात होते,
जिथून चेंडू वर उडवून सामना सुरू करतात.
ओडमबाईंचं पत्रक सहा आठवडे माझ्या फ्रिजवर होतं.
कुणी पाहुणं आलं की मी त्यावर कॅलेंडर सरकवायचे.
लोक काय.

गाद्यांपर्यंत वीस पावलं असतील.
लव्हर्न बघत होता, जोलीन बघत होती,
माझ्याकडून पियानो शिकणाऱ्या तिघी पोरींच्या आया बघत होत्या.
पाय निघेना.
ही म्हण नव्हती, खरंच निघेना,
रबरी तळवा लाकडाला चिकटल्यासारखा.

मग निघाला. आधी डावा.

तेरा, असं मीच लिहिलं, माझ्या अक्षरात.
नवव्या दिवशी ओडमबाईंनी माघार घेतली,
पैसे संपले म्हणाल्या.
लव्हर्न दुकानात भेटला तेव्हा म्हणाला,
बघ, मी म्हटलं नव्हतं? लोक.
मी चिमण्यांच्या दाण्यांची पिशवी घेतली,
पैसे मोजून दिले,
आणि त्याच्या पाठीमागे पाहिलं.
तिथं फक्त वजनकाटा होता.